सही कोणाची होती ते आधी बघा

प्रश्न असा होता की "कोविडमध्ये सगळे निर्णय राजकारण्यांनी आणि आयएएस लोकांनी घेतले, त्याऐवजी डॉक्टरांच्या हातात कारभार दिला असता तर इतकी माणसं गेली नसती, बरोबर ना?" उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. मी एमपीएससीतून मेडिकल ऑफिसर लागले, बरीच वर्षं पीएचसीवर, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रावर काढली, २००९ ला स्वाइन फ्लू आला तेव्हा पुण्याजवळ होते आणि कोविडच्या पहिल्या दोन्ही लाटांत उत्तर रत्नागिरीतल्या एका तालुक्याची टीएचओ होते, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी. आता रिटायर झालेय त्यामुळे जरा मोकळं बोलता येतं.

तर तुमचं म्हणणं अर्धं पटतं. आरोग्य खात्याच्या हातात काही नव्हतं हे खरंय. पण राजकारण बाजूला ठेवलं असतं तर बरं झालं असतं हे मला अजिबात पटत नाही, उलट जिथे राजकारण यायला हवं होतं तिथे ते आलंच नाही आणि जिथे नको होतं तिथे घुसलं असं माझं मत आहे. ते कसं ते सांगते.

सुरुवात कायद्यापासून करू, कंटाळवाणं वाटेल पण सगळी गोम तिथेच आहे. आपल्या घटनेत सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्याचा विषय. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साथ पसरू नये हे बघणं केंद्र आणि राज्य दोघांचं. महाराष्ट्रात पहिला पेशंट पुण्यात ९ मार्च २०२० ला सापडला, दुबईहून आलेले होते, आणि त्याच आठवड्यात राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. इथपर्यंत सगळं राज्याच्या हातात. मग २४ मार्चला रात्री आठ वाजता टीव्हीवर भाषण झालं आणि बारा वाजल्यापासून देश बंद. ती बंदी साथरोग कायद्याखाली नव्हती, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली होती, जो मुख्यतः भूकंप, पूर, त्सुनामी असल्या गोष्टी डोळ्यासमोर ठेवून केलेला. त्यामुळे पुढे दोन वर्षं आम्हाला जे आदेश येत होते ते केंद्रीय गृह सचिवांच्या सहीचे, मग राज्यात मुख्य सचिवांच्या सहीचे आणि जिल्ह्यात कलेक्टरच्या सहीचे. आरोग्यवाल्याची सही त्या साखळीत कुठेच लागत नव्हती. आमचा सल्ला घ्यायचे, नाही असं नाही, रोज संध्याकाळी व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स असायची आणि त्यात "हेल्थ काय म्हणतंय?" असं विचारायचे, आम्ही काय ते म्हणायचो, आणि मग ऑर्डर निघायची ती बहुतेक वेळा आधीच टाइप झालेली असायची.

गंमत म्हणजे त्याच आपत्ती कायद्यात जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर आणि सहअध्यक्ष स्थानिक स्वराज्य संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, असं लिहिलंय. तुमच्या जिल्ह्यातल्या लॉकडाऊनच्या एखाद्या ऑर्डरवर झेडपी अध्यक्षांचं नाव बघितलंय का कधी? मी तरी नाही बघितलं. राजकारण आलंच नाही म्हणते ते हे. पालकमंत्री यायचे, आढावा बैठक घ्यायचे, फोटो व्हायचे, पण ज्याला गावागावातले लोक नावाने ओळखतात, ज्याला पुढच्या निवडणुकीत त्याच लोकांसमोर जायचंय तो माणूस निर्णयाच्या टेबलावर नव्हता.

हे असं का झालं ते कळायला प्लेगपर्यंत मागे जावं लागतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. सरकारची पहिली काळजी काय होती? माणसं मरतायत ही होतीच, पण मुंबई बंदरातली जहाजं युरोपने अडवली तर व्यापाराचं काय ही त्याहून मोठी. फेब्रुवारी १८९७ मध्ये कायदा पास झाला आणि त्याच महिन्यात व्हेनिसला खास प्लेगवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे इंग्रजांना दाखवायचं होतं की आम्ही काहीतरी कडक करतोय. कायदा केवढा तर चार कलमांचा. त्यात काय आहे, सरकारला वाटेल ते नियम करता येतील, न पाळणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही. झालं. लोकांना औषध मिळालं पाहिजे, ज्याला कोंडलंय त्याच्या जेवणाची सोय झाली पाहिजे, मजुरी बुडाली त्याला काही मिळालं पाहिजे, आकडे जाहीर केले पाहिजेत, यातलं एक अक्षर नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा देण्याची, ती हवीच होती, माझ्या आशाताईंनी शिव्या खाल्ल्यात आणि दगडही. पण तेव्हाही सरकारवरच्या जबाबदाऱ्या कुणी त्यात घातल्या नाहीत.

पुण्यात रँड साहेबाने काय केलं ते आपण शाळेत शिकलोय. पण एक गोष्ट शाळेत सांगत नाहीत, की रँड डॉक्टर नव्हता, तो आयसीएस होता, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर केडरचा. सोल्जर लावून घरं तपासली, माणसं उचलून छावणीत नेली, आणि २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी गोळ्या घातल्या. लोक प्लेगच्या छावणीला प्लेगपेक्षा जास्त घाबरायचे आणि पेशंट लपवायचे. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले प्लेगचे पेशंट आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवता पोचवता स्वतः गेल्या, आणि लोक त्यांच्याकडे पेशंट द्यायला घाबरत नव्हते. एकाच गावात, एकाच रोगाशी, दोन पद्धती. मला पीएचसीवर नवीन डॉक्टर आला की मी हे सांगायचे.

आता माझ्या तालुक्यात येते, कारण मला जे कळलं ते तिथे.

आधी आमच्या खात्याची रचना ऐका म्हणजे कपाळावर हात मारून घ्याल. एका जिल्ह्यात पीएचसी, उपकेंद्रं, आशा, नर्सताई हे सगळं डीएचओकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ते जिल्हा परिषदेच्या सीईओंच्या हाताखाली. सिव्हिल हॉस्पिटल आणि ग्रामीण रुग्णालयं सिव्हिल सर्जनकडे, ते थेट राज्याच्या आरोग्य खात्याचे. मेडिकल कॉलेज असेल तर तिथले डीन वैद्यकीय शिक्षण खात्याचे, तो मंत्रीच वेगळा. कोविडमध्ये आरोग्यमंत्री राजेश टोपे आणि वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख, आघाडी एकच पण पक्ष दोन. नगरपालिका असेल तर तिचा मुख्याधिकारी चौथा. आणि प्रायव्हेट हॉस्पिटलं कुणाचीच नाहीत. तर पेशंट माझा, स्वॅब माझ्या लॅब टेक्निशियनने घेतला, बेड सिव्हिल सर्जनचा, ॲम्ब्युलन्सचं डिझेल तिसऱ्याचं. या सगळ्यांना एका खोलीत बसवून "करा" म्हणू शकणारा माणूस एकच, कलेक्टर. म्हणून मी कलेक्टरच्या हातात कारभार गेला याला उगाच नावं ठेवत नाही, आमच्या घरात भांडणं होती म्हणून चावी शेजाऱ्याकडे गेली. पण शेजाऱ्याला घरातलं कपाट कुठलं कशाचं हे माहीत नसतं ना.

सुरुवातीला आमचे स्वॅब मिरजेला जायचे. घाट चढून गाडी जाणार, रिपोर्ट यायला कधी दोन दिवस कधी चार. तोपर्यंत माणूस शाळेच्या वर्गात चटईवर. आणि हा माणूस कोण, तर चाकरमानी. मुंबईतल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सात जण, मार्चमध्ये कारखाना बंद, हॉटेल बंद, पगार बंद. त्याला २४ मार्चच्या आधी चार दिवस दिले असते तर तो गावी आला असता, तेव्हा मुंबईतही संसर्ग थोडाच होता. चार तासांची मुदत दिली, दोन महिने कोंडला, मुंबईत साथ भडकली आणि मग मे महिन्यात पास देऊन सोडला, तेव्हा तो आजार घेऊनच आला. त्या मे महिन्यात आमच्याकडे एसटी, टेम्पो, दुचाकी, चालत, होडीतून, मिळेल तशी माणसं आली. निर्णय घेणाऱ्यांत एक जरी माणूस असा असता की ज्याचा चुलता परळला राहतो आणि घर दापोलीत आहे, तर हे घडण्याआधी त्याने सांगितलं असतं. एपिडेमिऑलॉजीच्या, म्हणजे साथींच्या शास्त्राच्या पुस्तकात चाकरमानी नसतो, आमदाराच्या डोक्यात मात्र तो चोवीस तास असतो.

गावांनी काय केलं? ग्रामकृती दलं झाली, सरपंच, पोलीस पाटील, आशा, शिक्षक. काही ठिकाणी अप्रतिम काम, आलेल्याला शाळेत ठेवला, घरून डबा, रात्री पारावरून गप्पा मारून सोबत. काही ठिकाणी उलटं, वाडीच्या तोंडाशी बांबू आडवे, सख्ख्या भावाला आत घेत नाहीत, आणि कोणाला घ्यायचं कोणाला नाही यात जुनी भावकीची भांडणं आणि जातही. तेच दल, तोच जीआर. ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा तर कहर, किनाऱ्यावरच्या लोकांना हलवायचं कुठे तर शाळेत, आणि शाळेत आधीच क्वारंटाईनवाले. एका खात्याची ऑर्डर सहा फूट अंतर ठेवा, दुसऱ्या खात्याची ऑर्डर सगळ्यांना एका छपराखाली आणा, दोन्ही ऑर्डरी त्याच आपत्ती कायद्याखाली. आम्ही काय केलं, क्वारंटाईनवाले एका वर्गात, बाकीचे दुसऱ्या वर्गात, खिडक्या लावायला कुणी तयार नाही कारण हवा खेळती पाहिजे असं मीच सांगून ठेवलेलं, आणि बाहेर वादळ. शेवटी लावल्या.

मग गणपती. कोकणाबाहेरच्याला हे कळणार नाही, चाकरमानी एक वेळ लग्नाला येणार नाही पण गणपतीला येणारच. २०२० ची चतुर्थी २२ ऑगस्टला. आमचं म्हणणं, म्हणजे आरोग्यवाल्यांचं, चौदा दिवस क्वारंटाईन हवं. बऱ्याच ग्रामपंचायतींचंही तेच, काहींनी ठरावच केले. मुंबईकर म्हणत होते चौदा दिवस रजा कोण देईल. शेवटी सरकारने दहा दिवस ठरवले, १२ ऑगस्टच्या आत पोचा, त्यानंतर आलात तर टेस्ट करून या. मी तेव्हा खूप चिडले होते, हे काय सौदेबाजी आहे का म्हणून. पण नंतर विचार केला तर तो निर्णय बरोबर होता. चौदा म्हटलं असतं तर लोक रात्री चोरवाटेने आले असते आणि माझ्या यादीत नाव नसतं. दहावर बहुतेकांनी पाळलं, निदान आशाताईला खोटं नाव सांगितलं नाही. रोगाचा हिशोब मला येतो, लोक किती ऐकतील याचा हिशोब मला येत नाही, तो ज्याला मतं मागायची असतात त्याला जास्त येतो.

वारीचंही तसंच. २०२० ला आषाढी १ जुलैला होती. लाखो माणसं तीन आठवडे चालत जाणार, हे होऊ द्यायचं नाही यावर कुणाचंच दुमत नव्हतं. पण पोलीस लावून दिंड्या अडवायच्या की संस्थानांशी, फडकऱ्यांशी म्हणजे वारकऱ्यांच्या फडांच्या प्रमुखांशी बोलून पादुका एसटीने पंढरपूरला न्यायच्या यात फरक आहे, दुसरं केलं आणि कुठे दंगा झाला नाही. हे राजकारणच आहे, आणि चांगलं राजकारण आहे. त्याच वर्षी वाईटही बघितलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हॉटेलं आणि बार उघडले, देवळं बंदच. त्यावर राज्यपाल कोश्यारींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की तुम्ही अचानक सेक्युलर झालात का, मुख्यमंत्र्यांनी तसंच खरमरीत उत्तर दिलं, आठवडाभर टीव्हीवर तेच. त्या सगळ्यात बंद गाभाऱ्यात किती माणसं किती वेळ उभी राहतात आणि बारमध्ये किती, हवा कुठे जास्त खेळते, हा जो खरा प्रश्न तो कुणीच विचारला नाही. देवळं उघडली शेवटी दिवाळीच्या पाडव्याला. बार आधी का उघडले असं मला कुणी विचारलं तर उत्तर महसूल, त्यात आरोग्याचा काही संबंध नव्हता, आणि तसं सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं.

मुंबईचं थोडं सांगते कारण तिथे संस्था काय करू शकते ते दिसलं. महापालिकेचा स्वतःचा कायदा १८८८ चा, स्वतःची केईएम, सायन, नायर, साथीसाठी कस्तुरबा, स्वतःचा पैसा, आणि तेव्हाच्या चोवीस वॉर्डांत प्रत्येकी एक सहायक आयुक्त ज्याच्या हाताखाली पाणी, कचरा, आरोग्य, इमारत सगळंच. धारावीत पहिला पेशंट १ एप्रिल २०२० ला निघाला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता संपलं. जी-नॉर्थ वॉर्डाने तिथल्या प्रायव्हेट डॉक्टरांना पीपीई देऊन सोबत घेतलं, शाळा, हॉल ताब्यात घेतले, सार्वजनिक संडास दिवसातून अनेकदा धुतले, जुलैत डब्ल्यूएचओच्या प्रमुखांनी नाव घेऊन कौतुक केलं. पुढे बेड वाटायची वॉर रूम एका ठिकाणी न ठेवता वॉर्डावॉर्डात नेली तेही चांगलं. अधेमधे ८ मे ला आयुक्त प्रवीण परदेशींची बदली करून इक्बालसिंग चहल यांना आणलं, ऐन साथीत, म्हणजे राजकीय हात तिथेही होताच. पण खालची यंत्रणा शंभर-सव्वाशे वर्षं मुरलेली असल्यामुळे वरचा माणूस बदलला तरी गाडा चालला. माझ्या तालुक्यात टीएचओ आजारी पडली तर चार्ज घ्यायला माणूस नव्हता, हे मी पडल्यावर कळलं.

आता आकडे. इथे मी कडू बोलणार आहे. १६ जून २०२० ला राज्याने एका दिवसात जुन्या १३२८ मृत्यूंची भर घातली. हेडलाइन काय झाल्या, महाराष्ट्राने मृत्यू लपवले. अहो, लपवले असते तर जाहीर कशाला केले असते. रेकॉर्ड जुळवली, राहिलेले सापडले, सांगितले. त्याबद्दल शाबासकी मिळायला हवी होती, मिळाल्या शिव्या, आणि त्यातून खालच्या प्रत्येक अधिकाऱ्याने धडा घेतला. त्यानंतर कुणी लेखी सांगत नाही, पण फोन येतो, "मॅडम, टेस्टिंग जरा बघून करा, आपला तालुका उगाच वर दिसतोय." कुणाचा फोन ते सांगणार नाही. मी टेस्टिंग कमी केलं नाही असं छाती ठोकून म्हणायला आवडलं असतं. मी काय केलं, लक्षणं असलेल्यांचे सगळे स्वॅब घेतले आणि संपर्कातल्यांचे कमी केले. म्हणजे कमी केलंच. ज्या राज्यात जास्त मोजतात ते बदनाम आणि जे मोजत नाहीत ते मॉडेल, असा बाजार असला की मोजणारा किती दिवस मोजेल? मे २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने २०२० आणि २०२१ मिळून भारतात ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाले असा अंदाज दिला, आपला अधिकृत आकडा तेव्हा पाच लाखाच्या आसपास, सरकारने डब्ल्यूएचओची पद्धतच अमान्य केली. ४७ बरोबर की कमी की जास्त यावर जाणकारांनी भांडावं, पण पाच लाख बरोबर आहेत असं गावपातळीवर काम केलेल्या कुणाला विचारा, तो तुमच्याकडे नुसता बघेल.

आणि आता तुमच्या प्रश्नातला तो भाग, डॉक्टरांच्या हातात दिलं असतं तर. कुठले डॉक्टर? २ जुलै २०२० ला आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखांनी, जे स्वतः मोठे डॉक्टर, ट्रायल करणाऱ्या हॉस्पिटलांना पत्र लिहिलं की १५ ऑगस्टपर्यंत लस लोकांसाठी आणायची आहे. तोवर माणसांवरची पहिली ट्रायलही सुरू व्हायची होती. तारीख कुठून आली हे सांगायला नको. प्लाझ्माचं उदाहरण घ्या, म्हणजे बऱ्या झालेल्या पेशंटच्या रक्तातला द्रव आजाऱ्याला चढवायचा, आयसीएमआरच्याच ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही, निकाल २०२० मध्येच आले, तरी उपचाराच्या यादीतून प्लाझ्मा निघाला मे २०२१ मध्ये. त्या मधल्या महिन्यांत किती नातेवाईक "बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा अर्जंट" म्हणून रात्र रात्र मेसेज फिरवत होते. रेमडेसिव्हिरचं तर विचारूच नका. नोव्हेंबर २०२० मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलं की वापरू नका, जीव वाचतो असा पुरावा नाही. एप्रिल २०२१ मध्ये आमच्याकडे प्रत्येक चिठ्ठीवर सहा इंजेक्शनं, काळाबाजार, कलेक्टर कचेरीतून कोटा वाटप, पुढारी खोकी मिळवून वाटतायत, हायकोर्टात कुठल्या जिल्ह्याला किती यावर सुनावणी. ही चिठ्ठी लिहिणारे सगळे एमबीबीएस, एमडी होते हो. पुढाऱ्याने मागणी निर्माण नाही केली, आमच्या धंद्याने केली, पुढाऱ्याने तिच्यावर स्वतःचा फोटो लावला. ज्या दिवशी माझ्या ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजनचे जंबो सिलिंडर मोजून अकरा उरले होते त्या दिवशी मला आलेले निम्मे फोन रेमडेसिव्हिरसाठी होते. सिलिंडर कुणाला फोटोत नको असतं. नंदुरबारला कलेक्टर राजेंद्र भारूड, हे मुळात डॉक्टर, त्यांनी पहिली लाट ओसरत असतानाच ऑक्सिजन प्लांट उभे केले आणि दुसऱ्या लाटेत तो जिल्हा तरला. तिथे आरोग्य कळणारा माणूस आणि सही करणारा माणूस एकच होता. पण आपल्याकडे ३६ जिल्हे आहेत, प्रत्येक ठिकाणी कलेक्टर डॉक्टर निघेल असं धरून यंत्रणा चालत नाही.

निवडणुकांचं एक उदाहरण देऊन पुढे जाते. १४ एप्रिल २०२१ ला रात्री राज्यात ब्रेक द चेनचे कडक निर्बंध लागले, पाच माणसं एकत्र यायला बंदी. १७ एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढ्यात पोटनिवडणुकीचं मतदान झालं. मुख्यमंत्री राज्याचे, निर्बंध राज्याचे, पण निवडणुकीची तारीख निवडणूक आयोगाची. आयोग आपल्या नियमाने बरोबर, राज्य आपल्या नियमाने बरोबर, आणि रांगेत उभा राहणारा माणूस एकच.

लस. १६ जानेवारी २०२१ ला सुरुवात झाली तेव्हा आमच्याकडे सगळं नेहमीच्या पद्धतीने, पोलिओ-गोवर करून करून आमच्या नर्सताईंचा हात बसलेला, कोल्ड चेन तयार. मग १ मे पासून नवीन धोरण, निम्मी लस केंद्राची, पाव राज्यांनी विकत घ्यायची, पाव प्रायव्हेटने. केंद्राला कोविशील्ड १५० रुपयांना आणि राज्याला आधी ४०० मग ओरड झाल्यावर ३००. राज्यं आपापसात स्पर्धा करतायत, ग्लोबल टेंडर काढतायत, लस कुठेच नाही. १२ मे च्या सुमारास महाराष्ट्राने १८ ते ४४ चं लसीकरण थांबवलं आणि त्यांच्यासाठी घेतलेली कोव्हॅक्सिन ४५ च्या वरच्या लोकांच्या दुसऱ्या डोसला वळवली. पण त्या पंधरा दिवसांत माझ्या एका पीएचसीवर जे झालं ते विसरणार नाही. १८ ते ४४ ला फक्त कोविनवर ऑनलाइन बुकिंग. संध्याकाळी स्लॉट उघडायचे, मिनिटात संपायचे. सकाळी गेटवर मुंबई, ठाणे, पुण्याच्या गाड्या, पोरं पाच-सहा तास गाडी चालवून आलेली, हातात मोबाइल, अपॉइंटमेंट पक्की. आणि गेटच्या बाजूला आंब्याखाली गावातली पोरं, ज्यांच्या वाडीत रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागतं. सरपंचबाईंनी गेटला कुलूप लावलं, म्हणाल्या आधी आमची माणसं. मनातून मी त्यांच्या बाजूने होते आणि हातात ऑर्डर होती ती उलटी. पोलीस बोलवावे लागले. सरपंचबाईंची माफी मी नंतर घरी जाऊन मागितली. ३१ मे ला सुप्रीम कोर्टाने हे धोरण सकृतदर्शनी मनमानी आहे असं म्हटलं, ७ जूनला पंतप्रधानांनी जाहीर केलं की २१ पासून पुन्हा केंद्रच खरेदी करेल. म्हणजे देशातली लस खरेदी कशी करावी यावर कोर्टाला बोलावं लागलं. संसदेत, विधानसभेत हे आधी भांडलं गेलं असतं तर कोर्टात जायची वेळ आली नसती.

तर काय बदलायला हवं असं कुणीतरी खाली विचारणारच. तामिळनाडू बघा. त्यांच्याकडे सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा १९३९ पासून आहे, स्वतंत्र संचालनालय आहे, आणि सार्वजनिक आरोग्याचं वेगळं केडर आहे. तिथल्या हेल्थ ऑफिसरला साथीत स्वतःच्या सहीने करण्यासारख्या गोष्टी कायद्याने ठरवून दिल्यात. त्यांच्याकडेही माणसं गेली, त्यांच्याही आकड्यांवर वाद झाले, स्वर्ग नाही तिथे. पण आपल्याकडे माझ्यासारखी बाई सकाळी सिझरला भूल द्यायला कोणी नाही म्हणून फोनाफोनी करते, दुपारी पाण्याचे नमुने आणि ब्लीचिंग पावडर बघते, संध्याकाळी व्हीसीत महामारीवर सल्ला देते आणि रात्री सही दुसऱ्याची. मला विचाराल तर डॉक्टरांच्या हातात सगळं द्या असं मी म्हणणार नाही. टेस्टिंग किती, आकडे कधी आणि कसे जाहीर करायचे, हे आरोग्य अधिकाऱ्याच्या सहीने झालं पाहिजे आणि त्यासाठी त्याची बदली करता येऊ नये. किती दिवस बंद ठेवायचं, कुणाची मजुरी बुडेल, गणपतीला किती दिवस, लस आधी कुणाला, हे निवडून आलेल्यांनी ठरवावं, आमचं ऐकून, उघड, सभागृहात, कारणं देऊन. आमच्याकडे नेमकं उलटं झालं, आकड्यांवर पुढाऱ्यांचे फोन आणि लोकांच्या पोटापाण्यावर सचिवांची परिपत्रकं.

एक शेवटचं, सहीवरून आठवलं. २०२१ च्या अखेरीस सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना ५० हजार रुपये मिळायला लागले. नियम असा की टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांत मृत्यू झाला तर कोविड धरायचा, दाखल्यावर कोविड लिहिलेलं नसलं तरी. माझ्याकडे एक मुलगा आला, वडिलांच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. आमच्या यादीत नाव नाही. ऑनलाइन अर्ज नामंजूर. म्हणाला, "मॅडम, बाबांची टेस्ट तुमच्याच उपकेंद्रात झालेली, मी सोबत होतो." मी नर्सताईला जुनी रजिस्टरं काढायला लावली. तिने पोर्टल बंद पडायचं तेव्हा अँटिजेनचे रिझल्ट लाल रेघांच्या वहीत लिहून ठेवलेले, ४ मे २०२१, नाव, वय, पुढे पी आणि गोल. ते पोर्टलवर कधी चढलंच नव्हतं, कारण चढवायच्या आठवड्यात ती स्वतः पॉझिटिव्ह होती. वहीच्या त्या पानाची झेरॉक्स काढली, खाली मी सही केली, शिक्का मारला आणि तक्रार निवारण समितीकडे पाठवली. दीड महिन्याने पैसे जमा झाल्याचा त्याचा फोन आला. मग त्याच वहीत बघितलं तर त्या एका पानावर अजून सहा नावं होती.